गळ्यातला पट्टा आणि गावाची राखण

२०२५ च्या नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरातली काही छायाचित्रे राज्यभर पोहोचली. शेतात निघालेल्या बायकांच्या गळ्यात पट्टे होते आणि पट्ट्यांतून टोकदार खिळे बाहेर आलेले होते. बिबट्या मान धरतो, म्हणून मानेलाच काटे लावायचे, असा त्यामागचा साधा हिशोब. आधीच्या तीन आठवड्यांत त्या भागात दोन लहान मुले आणि एक वृद्ध स्त्री बिबट्याच्या हल्ल्यात गेली होती. लोकांनी रस्ते रोखले, वनखात्याचे वाहन पेटवले आणि शेवटी एक बिबट्या गोळी घालून मारण्यात आला. त्या पट्ट्याला हसण्याचे कारण नाही. हाताशी दुसरे काही नसलेल्या माणसाने शोधलेला तो उपाय आहे. मात्र त्याची मर्यादा नीट पाहिली, तर या प्रकरणाचा विषय आपोआप समोर येतो. पट्टा एकाच मानेचे रक्षण करतो. अंगणाच्या कडेला खेळणाऱ्या मुलाच्या गळ्यात तो नसतो आणि रात्री पिकाला दारे धरायला गेलेला माणूस कुठे आहे, हे तो कुणाला सांगत नाही. एकट्याने केलेली राखण एकट्यापुरतीच उरते. मग गावाची राखण कशी उभी राहते, आणि ती आज का विस्कटली आहे?

याचे उत्तर शोधायला जुन्नर तालुक्यातील बोरी बुद्रुकसारखे गाव चांगले. कुकडी नदीच्या काठावरचे हे गाव पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना वेगळ्याच कारणाने माहीत आहे. इथल्या नदीकाठच्या थरांत अश्मयुगीन हत्यारे सापडली, आणि त्याच थरांत इंडोनेशियातल्या टोबा ज्वालामुखीची राखही. राख नेमक्या कोणत्या उद्रेकाची, यावर संशोधकांनी बराच वाद घातला. पण या काठावर माणसाचा वावर फार जुना आहे, याबद्दल वाद नाही. माणूस इथे जुना, बिबट्याही जुना. नवा आहे तो ऊस. कुकडी प्रकल्पातील येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे या धरणांचे पाणी गेल्या चार-पाच दशकांत जुन्नर-आंबेगावच्या शिवारात खेळू लागले. विघ्नहर आणि भीमाशंकरसारखे सहकारी कारखाने उभे राहिले आणि बाजरी-ज्वारीच्या रानात बारा-पंधरा महिने उभा राहणारा दाट फड आला. बिबट्याच्या मादीला पिल्ले घालायला याहून चांगली जागा कोणती? सावली आहे, पाणी आहे, माणसाची वर्दळ कमी आहे आणि पलीकडच्या बांधाला कुत्री आहेत, शेळ्या आहेत.

बिबट्याच्या चर्चेत एवढे सगळे सांगतात. पण पाण्याने आणखी एक बदल केला, त्याचा उल्लेख क्वचितच होतो. पाण्याने गाव पांगले. जुन्या गावठाणात भिंतीला भिंत लागून होती. एका घरात ओरडले की चार घरांत ऐकू जायचे. विहीर झाली, पाइपलाइन आली, मळ्यात राहणे सोयीचे झाले आणि कुटुंबे आपापल्या शेतात राहायला गेली. शेती पाहायला, जनावरे सांभाळायला, भावाभावांत वाटण्या झाल्यावर घर बांधायला मळाच योग्य होता, त्यात चूक काही नाही. पण आता दोन घरांच्या मध्ये भिंत नव्हे, तर दहा फूट उंचीचा ऊस उभा असतो. हाक मारली तर ती फडातच विरते. पूर्वी शेजार आपसूक मिळत असे, घर बांधले की शेजारी आलाच. आज तो ठरवून करावा लागतो. पुढचे सगळे विवेचन या एका वाक्याभोवती आहे: जिथे भिंती लागून नाहीत, तिथे शेजार हा करार असतो, आणि करार म्हटले की कुणी काय करायचे, केव्हा करायचे, हे ठरलेले हवे.

राखणीचा असा करार मराठी गावाला नवा नाही. पेशवाई संपल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये दख्खनच्या कारभारावर अहवाल लिहिला. त्यात गावच्या जागल्याचे, म्हणजे राखणदाराचे, काम सविस्तर येते. चोरी झाली की जागल्याने चोराचा माग काढायचा. माग शिवेपर्यंत गेला की तो शेजारच्या गावाच्या जागल्याच्या हवाली करायचा, आणि पुढची जबाबदारी त्या गावाची. माग हरवला तर ज्या गावच्या हद्दीत हरवला, ते गाव उत्तरदायी. या व्यवस्थेत ठरलेला माणूस होता, ठरलेली हद्द होती आणि पुरावा म्हणून जमिनीवरचे ठसे होते. ‘मला वाटले’, ‘कुणीतरी म्हणत होते’ यांना तिथे किंमत नव्हती. अर्थात या व्यवस्थेचे गोडवे गाण्याआधी तिचा दोषही मांडायला हवा. राखणीचे ओझे रामोशी, महार, भिल्ल, कोळी अशा ठरावीक समाजांच्या माथी होते आणि गावाने त्यांना त्या जोखमीइतका मान कधी दिला नाही. रात्र एकाने जागायची आणि झोप दुसऱ्याने घ्यायची, हा करार आज कुणी पुन्हा आणू म्हणेल तर तो नाकारलाच पाहिजे. घेण्याजोगी आहे ती त्यातली शिस्त: माग, हद्द आणि जबाबदारी.

धोका दिसला की आजच्या गावाची पहिली मागणी पिंजऱ्याची असते. ती समजण्यासारखी आहे, पण जुन्नरच्या अनुभवाने ती तपासलीही आहे. २००१ नंतर जुन्नर वनविभागात मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडून दूरच्या जंगलांत सोडण्यात आले. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांचा या अनुभवावरचा अभ्यास २०११ मध्ये ‘कॉन्झर्व्हेशन बायॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यानुसार, त्याआधी या भागात माणसांवरच्या हल्ल्यांची सरासरी वर्षाला चार होती, बिबटे हलवण्याची मोहीम सुरू झाल्यावर ती सतरापर्यंत गेली. म्हणजे उपायानेच रोग बळावला. कारण उघड आहे. अनोळखी मुलखात सोडलेले जनावर बिथरलेले असते, परतीची वाट धरते आणि वाटेत त्याला माणसे भेटतात. इकडे रिकाम्या झालेल्या जागेत नवा, बहुधा तरुण आणि अननुभवी बिबट्या येतो. ‘आजोबा’ नावाने प्रसिद्ध झालेल्या बिबट्याची कथा याची साक्ष देते. २००९ मध्ये पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीत पडलेल्या या नराला बाहेर काढून, गळ्यात कॉलर घालून माळशेज घाटात सोडले. सुमारे महिनाभरात तो १२० किलोमीटर चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाकडे पोहोचला. महामार्ग आणि रेल्वेमार्ग त्याने ओलांडले, पण वाटेत माणसाला धक्का लावला नाही. बिबट्याला आपण ठरवून दिलेल्या हद्दीत ठेवता येत नाही, एवढे तरी यातून कळते.

दुसरा अभ्यास जुन्नरच्या उत्तरेचा, अकोले तालुक्याचा. तिथे दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहतात, आणि तशा शेतीच्या खोऱ्यात कॅमेऱ्यांनी घेतलेल्या गणतीत १०० चौरस किलोमीटरमध्ये सरासरी पाच बिबटे आढळले. त्यांच्या आहारातला मोठा भाग पाळीव आणि भटक्या जनावरांचा होता, त्यातही कुत्र्यांचा वाटा सर्वांत मोठा. आणि एवढे बिबटे माणसांत वावरत असताना अभ्यासाच्या काळात तिथे माणूस दगावला नाही. यावरून बिबट्या निरुपद्रवी ठरत नाही. शिरूरच्या तीन मृत्यूंनंतर तसे म्हणणे क्रूरपणाचे होईल, आणि माणसावर वारंवार हल्ला करणारे जनावर ओळखून हटवणे हे वनखात्याचे कर्तव्यच आहे. निघते ते एवढेच की हल्ल्यांचा आकडा बिबट्यांच्या आकड्याला सरळ बांधलेला नाही. माणूस आणि बिबट्या कुठे, कोणत्या वेळी, कोणत्या अवस्थेत समोरासमोर येतात, यावर बरेच काही ठरते. पिंजरा सरकारच्या हातात आहे, पण ही गाठ पडण्याची जागा आणि वेळ बऱ्याच अंशी शेजाऱ्यांच्या हातात आहे.

हे प्रत्यक्षात कसे दिसते, ते एका वस्तीवरच्या संध्याकाळी पाहता येते. घराच्या मागच्या भिंतीपासून दोन हातांवर ऊस सुरू होतो. गोठ्याला तीन बाजूंनी कूड, चौथी बाजू उघडी, आत चार शेळ्या. अंगणात बल्ब एकच, तोही दाराशी. सहा-साडेसहाला आई धारा काढते, आजी चुलीशी असते आणि मूल उसाच्या कडेला बसते. ते बसलेले असते तेव्हा बिबट्याला त्याची उंची कुत्र्याएवढीच दिसते. या चित्रातली प्रत्येक गोष्ट बदलता येते. घरालगतच्या दोन-तीन सऱ्यांतला ऊस काढून तिथे चारा किंवा भाजी लावणे, गोठ्याला चारही बाजूंनी आणि वरून जाळी, दिवा दाराऐवजी गोठ्याच्या कोपऱ्यावर, अंधार पडण्याआधी मूल घरात, शौचालय घराला लागून. यातले कोणतेच काम मोठे नाही, पण ते एकट्याने केले तर धोका शेजारच्या वस्तीवर सरकतो. जाळीचा गोठा पाहून बिबट्या पुढच्या उघड्या गोठ्याकडे जातो. म्हणून ही कामे वस्तीवार, एकाच आठवड्यात, एकमेकांकडची जाळी-पोल-मजुरी वाटून घेऊन केली तरच त्यांचा उपयोग. मेलेली कोंबडी आणि पोल्ट्रीचा कचरा ओढ्यात टाकायचा नाही, भटकी कुत्री वाढू द्यायची नाहीत, हे नियमही तसेच. बिबट्याला जेवण वाढणारे एक घर सगळ्या वस्तीला आमंत्रण देते.

राखणीच्या नकाशात सगळ्यांत बाहेरची रेघ ऊसतोड मजुरांची आहे. तोडणीच्या हंगामात दुसऱ्या जिल्ह्यांतून टोळ्या येतात आणि फडाच्या कडेला कोप्या उभ्या राहतात. कोपीला दार नसते, दिवा नसतो, संडास तर नसतोच. पहाटे अंधारात तोड सुरू होते तेव्हा मुले कोपीत किंवा बांधावर असतात. फड कमी होत जातो तशी आतली बिबट्याची मादी आणि पिल्ले शेवटच्या तुकड्यात सरकत जातात, म्हणजे धोका वाढतो तो नेमका तोड संपत येताना, आणि तो मजुरांच्या अंगावर येतो. गावाच्या यादीत ही माणसे नसतात. त्यांचा फोन नंबर कुणाकडे नसतो, ग्रामसभेत त्यांना कुणी बोलावत नाही. राखणीचा करार करताना गावाने पहिला प्रश्न हाच विचारायला हवा: आपल्यात सगळ्यांत उघड्यावर कोण आहे? टोळी आली की मुकादमाचे नाव नोंदवणे, कोप्या फडाला चिकटून नव्हे तर वस्तीजवळ उजेडात घालायला जागा देणे, कोणत्या दिवशी कुणाचा फड तोडायचा आहे हे आजूबाजूच्या वस्त्यांना आधी कळवणे, आणि पिल्ले दिसली तर ती न हलवता वनखात्याला बोलावणे, हे सगळे शेतमालकाच्या आणि गावाच्या आवाक्यातले आहे. पिल्ले सापडल्या जागीच सुरक्षित ठेवली की मादी बहुधा रात्रीतून येऊन घेऊन जाते. ती उचलून नेली की बिथरलेली मादी त्या भागात घिरट्या घालते.

यानंतर येतो निरोपाचा प्रश्न, आणि इथे शेजाऱ्यांच्या संघटनेवरचा सर्वांत गंभीर आक्षेपही येतो. लोक संघटित झाले की जमाव होतो आणि जमाव माणसे मारतो. हा आक्षेप हवेतला नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातील राईनपाडा इथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना लोकांनी ठेचून मारले. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यातील गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा चालक मारले गेले. तिथे चोरांच्या अफवेमुळे लोक आधीपासूनच जागत होते. म्हणजे जागणे हे आपोआप सुरक्षा होत नाही, उलट भीतीने जागणारी माणसे सगळ्यांत धोकादायक ठरू शकतात. या घटनांतून संघटनाच नको, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. पण राईनपाड्यात आणि गडचिंचल्यात कमी कशाची होती, ते पाहिले पाहिजे. निरोप कुठून आला, कुणाला माहीत नव्हते. तो खरा की खोटा, हे तपासण्याचे काम कुणाकडे नव्हते. थांबा म्हणणारा, आणि ज्याचे ऐकले जाईल असा माणूस पुढे नव्हता. तिथे होते ते एकत्र आलेले अनोळखी भय, ज्याला शेजार म्हणता येणार नाही.

म्हणून निरोपाची शिस्त हा राखणीचा कणा आहे. नाशिक, अहिल्यानगर, पुणे या जिल्ह्यांतील अनेक गावांत गेल्या काही वर्षांत ग्रामसुरक्षा यंत्रणा पोहोचली आहे. ठरलेल्या क्रमांकावर फोन करून संकटात सापडलेला माणूस आपल्याच आवाजात निरोप देतो आणि तोच आवाज गावातल्या नोंदवलेल्या सगळ्या फोनवर एकाच वेळी वाजतो. साधा बटणांचा फोन पुरतो. निरोप देणाऱ्याने नाव, ठिकाण आणि घटना सांगायची, हा त्यातला गाभा. आणि हीच तिची व्हॉट्सॲपवरच्या फॉरवर्डशी तुलना करण्याची जागा आहे. फॉरवर्डला नाव नसते, ठिकाण नसते. दुसऱ्या राज्यातली चित्रफीत ‘आपल्या शिवारात’ म्हणून फिरते आणि आता तर यंत्राने बनवलेली बिबट्याची छायाचित्रेही फिरतात. जागल्याची जुनी शिस्त इथे नव्याने उपयोगी पडते: आधी माग, मग हाक. ओल्या मातीतला ठसा, त्याशेजारी ठेवलेली आगपेटी, वेळ आणि गट नंबर. एवढे असेल तर तो निरोप, नाहीतर ती कुजबुज. बिबट्याच्या ठशात नखे उमटत नाहीत, कुत्र्याच्या ठशात उमटतात. एवढी साधी खूण वस्तीतल्या दोघांना शिकवली तरी निम्म्या अफवा बांधावरच मरतात. माणसांच्या बाबतीत नियम आणखी कडक हवा. अनोळखी माणूस दिसला तर त्याला अडवायचे नाही, मारायचे तर नाहीच. पोलीस पाटलाला कळवायचे. १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाने त्याला ते स्थान दिले आहे, ते वापरायला हवे. राखणदाराच्या हातात बॅटरी असावी, नोंदवही असावी. निवाडा त्याच्या हातात नसावा.

अशा ठरलेल्या शेजाराने खरोखर फरक पडतो का, याचा पुरावा दुसऱ्या टोकाच्या समाजातूनही मिळतो. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट सॅम्पसन आणि सहकाऱ्यांनी शिकागोतील ३४३ वस्त्यांमधल्या ८,७८२ रहिवाशांशी बोलून १९९७ मध्ये एक निष्कर्ष मांडला. जिथे शेजाऱ्यांचा एकमेकांवर विश्वास आहे आणि मूल वाह्यातपणा करताना दिसले तर शेजारी मध्ये पडतील अशी अपेक्षा आहे, तिथे हिंसा कमी होती. वस्तीची गरिबी हिशोबात धरूनही. शिकागो आणि कुकडीचे खोरे यांत साम्य शोधणे धाडसाचे आहे, आणि बिबट्या म्हणजे गुन्हेगार नव्हे. पण अभ्यासातला एक मुद्दा इथे चपखल बसतो. नुसती ओळख पुरत नाही. आपल्याकडे ‘गावात सगळे एकमेकांना ओळखतात’ हे वाक्य सुरक्षेचे प्रमाणपत्र असल्यासारखे वापरले जाते. ओळख असते, पण शेजारच्या वस्तीवरचा म्हातारा अंधार पडल्यावर परतला की नाही, हे पाहणे कुणाचे काम आहे, असे विचारले तर उत्तर नसते.

यावर शेतकऱ्याचा पहिला सवाल रास्त आहे: सरकारचे काम आम्ही का करायचे? वीज रात्रीची, म्हणून अंधारात फडात जावे लागते. शेतीपंपाला अनेक ठिकाणी तीन फेजचा पुरवठा काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री, तोही मोजके तास. घुंगराची काठी आणि मोबाइलवरची मोठ्या आवाजातली गाणी हा त्यावर उपाय नव्हे. दिवसा वीज द्या, मग शहाणपण शिकवा. हे म्हणणे बरोबर आहे, आणि म्हणूनच संघटना हवी. दिवसाच्या विजेसाठी सौर कृषी वाहिनीची योजना २०१७ पासून आहे, त्यासाठी गावाने जागा द्यायची, ठराव करायचा, पाठपुरावा करायचा; हे एकट्या शेतकऱ्याला जमत नाही. मृत्यू झाल्यास कुटुंबाला मिळणारी मदत आता पंचवीस लाखांवर गेली आहे, पण जनावर गेल्यावरचा पंचनामा वेळेत व्हावा म्हणून फोन करणारा, फोटो ठेवणारा माणूस गावातच लागतो. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या चार तालुक्यांतली दोनशेहून अधिक गावे बिबट्याच्या धोक्याची म्हणून प्रशासनाने नोंदवली आहेत. यादीत नाव येणे ही सुरुवात, पुढचे मागून घ्यावे लागते. संतापाच्या दिवशी रस्ता रोखणारे गाव मंत्र्याला आणते, पण तारखेवार नोंदी असलेले गाव अधिकाऱ्याला उत्तर द्यायला लावते. राखण म्हणजे सरकारची सुट्टी नव्हे. ती सरकारवर लावलेली हजेरी आहे.

दुसरा सवाल अधिक व्यवहारी आहे: हे टिकणार किती दिवस? हल्ला झाला की आठवडाभर गस्त, टॉर्च, शिट्ट्या, आणि महिन्यात सगळे शांत. हे खरे आहे, कारण गस्त हे अधिकचे काम असते आणि अधिकचे काम थकल्यावर पहिले सुटते. टिकते ते रोजच्या कामाला बांधलेले. या भागात अशी एक जागा आहे, जिथे जवळजवळ प्रत्येक वस्तीवरून कुणी ना कुणी सकाळ-संध्याकाळ येतेच: दूध संकलन केंद्र. डेअरीवर फॅट लावताना ‘काल रात्री काय दिसले’ ही ओळ वहीत चढली, तर गावाला रोज दोनदा फुकटचा अहवाल मिळतो. ज्या वस्तीचे दूध दोन वेळा आले नाही, तिची चौकशी होते. शाळेत येणाऱ्या मुलांचे गट वस्तीवार बांधले की वाटेवर मूल एकटे राहत नाही. बचत गटाच्या बैठकीत गोठ्याच्या जाळीचा हप्ता बसवता येतो. नव्या समित्या, नवे फलक लागत नाहीत. आधीच चालत असलेल्या पायवाटेवर राखण ठेवून द्यायची असते.

शेवटचा आक्षेप न्यायाचा आहे. शहरातले लोक सहजीवन शिकवतात आणि किंमत मळ्यातले मूल मोजते. या बोलण्यातला राग रास्त आहे, पण शहरालाही यातून सुटका मिळालेली नाही. मुंबईत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवती हल्ले वाढले तेव्हा तिथेही आधी पिंजरेच लागले. २०११ पासून वनविभाग, संशोधक आणि रहिवासी यांनी ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ या नावाने वस्तीवस्तीत जाऊन कचरा, कुत्री, उजेड आणि मुलांच्या वेळा यांवर काम सुरू केले. हल्ले कमी झाले, पूर्ण थांबले नाहीत. आरे वसाहतीत नंतरही मुले जखमी झाली, दगावली. म्हणून हमी कुणीच देऊ नये. शेजार धोका नाहीसा करत नाही, तो धोक्याची वाटणी बदलतो. आज ती वाटणी घराच्या मागे उसाची सरी असलेल्या बाईवर, कोपीतल्या पोरावर आणि रात्री दारे धरणाऱ्या माणसावर येऊन पडते. पिंपरखेडच्या बाईने गळ्यात खिळे घातले तेव्हा तिला बिबट्याबद्दल जे ठाऊक होते ते बरोबरच होते: तो मान धरतो. तिला खात्री नव्हती ती इतकीच, की आपण ओरडलो तर उसापलीकडून कुणी येईल. ती खात्री लोहाराकडे घडवून मिळत नाही. ती उसापलीकडच्या घराशी बोलून, आधीच, दिवसाउजेडी ठरवून ठेवावी लागते.